गाडी सांगण्याआधी

धर्माबादेत रात्री दोनच्या सुमाराला एखाद्या घरासमोर गाडीचे दिवे लागलेले दिसले, की शेजाऱ्यांना विचारावं लागत नाही. कुणीतरी हैदराबादला निघालेलं असतं. मधल्या सीटवर उशी ठेवलेली असते, दवाखान्याच्या फायलींची पिशवी कुणाच्या तरी मांडीवर असते, मागे दशम्यांचा डबा आणि पाण्याचा कॅन असतो. घरातली म्हातारी ड्रायव्हरला सांगते, "सावकाश ने रे बाबा." ड्रायव्हर म्हणतो, "काळजी करू नका मावशी, सातला दवाखान्याच्या दारात." बंपरला लटकलेलं लिंबू-मिरची हलतं आणि गाडी बासरच्या रस्त्याला लागते.

दहा-पंधरा किलोमीटरवर महाराष्ट्र संपतो आणि तेलंगणा लागतो. बासरला सरस्वतीचं देऊळ आहे. तिथून गोदावरीचा पूल ओलांडला की नवीपेठ, मग निजामाबाद, आणि पुढे श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४. कामारेड्डी, रामायमपेठ, तुपरान, मेडचल अशी गावं मागे टाकत सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर झाले की हैदराबाद येतं. हा रस्ता इथल्या माणसांना घरच्या अंगणासारखा पाठ आहे, आणि त्याला इतिहासही आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद हीच राजधानी होती. राज्यं बदलली, पण आजारपण, बाजार, शिक्षण आणि सोयरिकी यांची वाट तीच राहिली. मुंबई आपली राजधानी आहे, पण जीव घाबरा झाला की धर्माबादचा माणूस आजही हैदराबादकडेच बघतो.

निजामाच्या काळात हा प्रवास एका साखळीसारखा मानलेला होता. निजाम स्टेट रेल्वेने आधी रेल्वे चालवली, १९३२ मध्ये स्वतःच्या बसगाड्या सुरू केल्या आणि १९४५ मध्ये टाटांच्या भागीदारीत 'डेक्कन एअरवेज' ही विमान कंपनी काढली. रूळ, रस्ता आणि आकाश या तिन्हींचा विचार एकाच घरात होत होता. आज हे तिन्ही कारभार वेगळे झाले आहेत. ते जोडायचं काम आपल्याकडे भाड्याची गाडी करते. शहरातल्या माणसाला ड्रायव्हरसकट गाडी ही चैन वाटते. धर्माबाद, बिलोली, देगलूर, उमरी या पट्ट्यात ती गरज आहे.

२७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेखाली नांदेड–हैदराबाद विमान सुरू झालं तेव्हा जिल्ह्यात मोठा आनंद झाला होता. नांदेडचं श्री गुरू गोविंदसिंगजी विमानतळ २००८च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने नव्याने उभं राहिलं होतं, पण नियमित विमानं टिकत नव्हती. उडान योजनेत साधारण तासाभराच्या प्रवासाच्या निम्म्या जागांसाठी २५०० रुपयांची मर्यादा ठरवलेली होती. सामान्य माणसाने विमानात बसावं हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. ती पहिली सेवा पुढे बंद पडली, नंतर दुसरी कंपनी आली, विमानं जाणारी गावं आणि वेळा बदलत राहिल्या. लहान विमानतळाचं हे दुखणं देशभर आहे. प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी, आणि फेऱ्या बेभरवशाच्या म्हणून प्रवासी कमी.

पण समजा विमान रोज आणि वेळेवर सुटतं. तरी धर्माबादच्या माणसाने हिशेब घरापासून मांडायला हवा. नांदेड इथून पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे दोन तास, आणि तेही हैदराबादच्या उलट दिशेला. विमानतळावर किमान एक तास आधी. हवेत एक तास. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर उतरून सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, तिथून शहरातल्या दवाखान्यापर्यंत आणखी एक तास. एकूण साडेपाच तास झाले. गाडीने हाच प्रवास साडेचार तासांत होतो. शिवाय रुग्णाला घरून गाडीत, गाडीतून विमानतळावर, तिथून विमानात आणि पुन्हा गाडीत असं चार वेळा उठवावं-बसवावं लागत नाही. एकदा बसवलं की दवाखान्याच्या दारातच उतरवायचं.

याचा अर्थ विमान निरुपयोगी असा नाही. विमानाचा खरा फायदा हवेतल्या वेगात आहे आणि जमिनीवर जाणारा वेळ ही त्याची ठरलेली किंमत आहे. दिल्ली किंवा कोलकात्याला जाताना ही किंमत अंगाला लागत नाही, कारण हवेत वाचलेला वेळ फार मोठा असतो. अंतर जसजसं कमी होतं तसतशी ती जड होत जाते. धर्माबादहून पुणे साधारण सव्वापाचशे किलोमीटर. गाडीने दहा-अकरा तास लागतात. विमानाने जायचं तर शमशाबादपर्यंत अडीचशे किलोमीटर म्हणजे पाच तास, विमानतळावर दोन तास, हवेत सव्वा तास, पुण्यात घरी पोहोचायला एक तास. सव्वानऊ तास. एवढा खटाटोप करून हाती तास-दीड तास लागतो. चार-पाचशे किलोमीटरच्या आत, विमानतळ दारात नसेल, तर गाडी विमानाला बहुधा पुरून उरते. त्यापलीकडे विमान पुढे सरकतं.

असा विचार जगातही होऊ लागला आहे. फ्रान्सने मे २०२३ मध्ये ज्या शहरांदरम्यान अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येतं, अशा काही देशांतर्गत विमानफेऱ्या बंद केल्या. तिथे कारण इंधनाच्या धुराचं होतं, पण प्रश्न आपल्यासारखाच होता: एवढ्या जवळ जायला आकाशात चढायची गरज आहे का? आपल्याकडेही रेल्वे विसरून चालणार नाही. धर्माबाद सिकंदराबाद–मनमाड मार्गावर आहे, देवगिरी एक्सप्रेस इथे थांबते. एकटा, धडधाकट माणूस असेल आणि वेळ जुळत असेल तर रेल्वेइतकं स्वस्त आणि निवांत काही नाही. गाडी करायची ती चार-पाच माणसं असताना, रुग्ण असताना, किंवा वेळ आपल्या हातात हवी असताना.

आता पैशांचं बघू. गाडी सांगताना लोक पहिला प्रश्न विचारतात, "किलोमीटरला काय घेता?" भाड्याचं गणित एवढ्यावर संपत नाही. समजा सात जणांच्या गाडीचा दर किलोमीटरला १५ रुपये आहे. हैदराबादला जाऊन त्याच दिवशी परत आलं तर साधारण ४४० किलोमीटर होतात, म्हणजे ६६०० रुपये. ड्रायव्हरचा भत्ता ५०० आणि टोल-पार्किंग ६०० धरले तर ७७०० रुपये झाले. पाच जणांत वाटले तर माणशी १५४०, जाऊन-येऊन, दार ते दार. पण डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं आणि मुक्काम पडला तर आकडा बदलतो. बाहेरगावच्या गाडीला दिवसाला साधारण ३०० किलोमीटर धरलेच जातात, गाडी जागेवर उभी असली तरी. दोन दिवसांचे ६०० किलोमीटर, ९००० रुपये. दोन दिवसांचा भत्ता १०००, टोल-पार्किंग ६००. एकूण १०,६००. गाडी एक किलोमीटरही जास्त चालली नाही, तरी २९०० रुपये वाढले. इथेच बिल देताना वादावादी होते. गाडीवाला फसवत नसतो. त्या दिवशी त्याची गाडी दुसरीकडे जाऊ शकली असती, त्या दिवसाचं तो मोल घेतो. म्हणून मुक्काम पडला तर दिवसाचे किलोमीटर किती धरणार, भत्ता किती, टोल कुणाकडे, हे निघण्याआधीच स्पष्ट बोलून घ्यावं.

दुसरी गोष्ट रिकाम्या फेरीची. मुलाला शमशाबादला विमानात बसवून गाडी परत पाठवली तरी भाडं जाण्या-येण्याचं, पाचशे किलोमीटरचं द्यावं लागतं, कारण येताना गाडी रिकामी येते. त्या रिकाम्या फेरीला डिझेलही तेवढंच जळतं. लिटरला १२ किलोमीटर जाणारी गाडी पाचशे किलोमीटरला साधारण ४२ लिटर डिझेल पिते. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका माणसाला विमानतळावर सोडायला शंभर किलोच्या वर. तीच गाडी जाताना आणि येताना भरलेली असेल तर खर्चही वाटला जातो आणि धूरही. म्हणून मोंढ्यातले जुने व्यापारी आणि गाडीवाले एकमेकांना आदल्या दिवशी विचारतात, "उद्या हैदराबादहून येताना कुणी आहे का?" मिरचीच्या हंगामात गावोगावचे व्यापारी धर्माबादला येतात-जातात, तेव्हा हा प्रश्न हमखास कानावर येतो. लहान गावात माणसं एकमेकांना ओळखतात म्हणूनच हे जमतं.

गाडी कुठली, हा प्रश्न किरायाइतकाच महत्त्वाचा आहे. आमच्या लहानपणी जीप आणि अँबेसिडर होती. १९९४ मध्ये टाटा सुमो आली आणि लग्नाचं वऱ्हाड, दवाखाना, तिरुपती सगळं तिच्यावर आलं. सुमो हे नाव सुमंत मुळगावकर या मराठी माणसाच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवलेलं. पुढे क्वालिस आली, इनोव्हा आली, अर्टिगा आली. गाडीचं नाव काहीही असो, आधी तिची पाटी बघावी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेली गाडी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी, घरच्या वापराची. विजेवर चालणाऱ्या गाडीची पाटी हिरवी असते, त्यावर अक्षरं पिवळी असतील तर ती भाड्याची. ओळखीपाळखीत पांढऱ्या पाटीची गाडी थोड्या कमी पैशांत मिळते आणि माणूस भुलतो. पण खासगी गाडी भाड्याने चालवणं हा परवान्याचा भंग आहे. रस्त्यात अपघात झाला तर विमा कंपनी नेमकी याच मुद्द्यावर भरपाईला हरकत घेऊ शकते. चारशे-पाचशे रुपये वाचवताना पाच माणसांचं संरक्षण आपण घरी ठेवून निघतो.

परवान्याचा नियमही समजून घ्यायला सोपा आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात चालक सोडून सहापर्यंत प्रवासी नेणारी गाडी म्हणजे मोटार कॅब, आणि सहाच्या वर बारापर्यंत नेणारी म्हणजे मॅक्सी कॅब. अख्खी गाडी एकाच सौद्यात ठरवून घेतली तर ती कंत्राटी वाहतूक. वाटेत जागोजागी माणसं चढवत-उतरवत, सीटनुसार पैसे घेत चालली तर ती टप्पा वाहतूक, तिचा परवाना वेगळा. आपण गाडी सांगतो तेव्हा पहिल्या प्रकारचा करार करत असतो. म्हणून निजामाबादला ड्रायव्हरने "एक माणूस घेऊ का, पुढच्या सीटवर बसेल" असं विचारलं तर नम्रपणे नाही म्हणावं.

आमच्या गावाला जास्त जाच होता तो राज्याच्या सीमेचा. घर सोडून पाऊण तासही होत नाही तोवर दुसरं राज्य लागतं, त्यामुळे तात्पुरता परवाना, तिकडचा कर, पावत्या यांचा पसारा ड्रायव्हरला सांभाळावा लागायचा. १ एप्रिल २०२१पासून पर्यटक वाहनांसाठी देशभरासाठी एकच परवाना ऑनलाइन काढायची सोय झाली आणि २०२३ मध्ये ते नियम आणखी सुटसुटीत झाले. गाडी सांगताना "ऑल इंडिया परमिट आहे ना?" एवढं विचारलं तरी पुरतं. नसेल तर सीमेवर खोळंबा आपलाच होतो.

हे सगळं मी वर्षानुवर्षं करत आलो होतो. पाटी बघायचो, परमिट विचारायचो, भाडं ठरवायचो. तरी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं. वडिलांच्या डोळ्याच्या तपासणीसाठी आम्ही असेच रात्री दोनला निघालो होतो. नंबर लवकर लागावा एवढंच डोक्यात होतं. कामारेड्डीच्या अलीकडे मला डुलकी लागली आणि चाकांखाली खडी कराकरा वाजली तशी जाग आली. गाडी रस्त्याच्या कडेला उतरली होती. वडील ओरडले. ड्रायव्हरने दचकून स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी पुन्हा डांबरावर आली. काही झालं नाही. पुढच्या ढाब्यावर थांबलो, चहा घेतला, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "काका, काल दिवसभर वऱ्हाडात होतो. घरी आलो अन् तुमचा फोन आला." मी त्याच्यावर रागावू शकलो नाही. दोनला यायचं मीच सांगितलं होतं.

पूर्वी ड्रायव्हरला शोफर म्हणायचे. तो शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा मूळ अर्थ तापवणारा. वाफेवरच्या सुरुवातीच्या गाड्यांत भट्टी पेटती ठेवणारा माणूस असायचा, त्यावरून हे नाव पडलं. आताच्या गाडीत भट्टी नाही. आता त्या माणसाला पेटती ठेवावी लागते ती स्वतःची जाग. आपण भाड्यात खरं तर तीच विकत घेतो.

माणसाच्या शरीराला स्वतःचं घड्याळ असतं. रात्री दोन ते पहाटे पाच-सहा ही झोपेची सगळ्यात गाढ ओढ असलेली वेळ, आणि दुपारी दोन ते चार ही त्याखालोखालची. चहा, तंबाखू, गाणी यांनी ही ओढ थोडी लांबते, मोडत नाही. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा मंदावतो, असं १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आलं. आपल्या कायद्यात वाहन चालवणाऱ्यासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दारूच्या थेंबाला न शिवलेला, कष्टाळू, प्रामाणिक ड्रायव्हर नुसत्या जागरणाने ही मर्यादा ओलांडून जातो, आणि पोलिसांच्या यंत्रात ते दिसत नाही. ताशी ८० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ नव्वद मीटर रस्ता, ज्यावर गाडी कुणीच चालवत नसतं. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ही मर्यादा ठरवली ती याचसाठी. एक-दोन गाड्यांच्या धंद्यात मात्र तास मोजणारं कुणी नसतं. ते मोजायचं काम आपल्यावर येतं.

मराठवाड्याने या रस्त्यांची फार मोठी किंमत मोजली आहे. १४ ऑगस्ट २०२२च्या पहाटे इथले नेते विनायक मेटे बीडहून मुंबईला बैठकीसाठी निघालेले असताना मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर अपघातात गेले. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत विमानतळाकडे जाताना इथलेच नेते गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. मागच्या सीटवर बसलेले मुंडे त्यात गेले. प्रत्येक अपघाताची कारणं वेगळी असतात आणि ती ठरवायचं काम तपासाचं. पण रात्रभर प्रवास करून सकाळी कामावर हजर होण्याची आपल्या भागाची सवय आणि मागे बसलं की आपण सुरक्षित हा समज, या दोन गोष्टी मनातून काढायलाच हव्यात. मागे बसलेल्यांनाही पट्टा लावणं बंधनकारक आहे आणि न लावल्यास १००० रुपये दंड आहे. आपल्याकडच्या भाड्याच्या गाड्यांत मागचे पट्टे सीटच्या कव्हराखाली दडलेले असतात. निघण्याआधी ते उकरून बाहेर काढायला लावावेत. रुग्णाला आडवं झोपवून नेण्याऐवजी, जमत असेल तर, सीट मागे कलती करून पट्ट्यासह बसवावं. ज्याला बसणंच शक्य नाही त्याच्यासाठी रुग्णवाहिकाच सांगावी.

त्या रात्रीनंतर आम्ही घरात काही गोष्टी ठरवल्या. गाडी आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगायची. भाड्याच्या आधी विचारायचं, "मामा, आज कुठं फेरी आहे? रात्री झोप किती होईल?" फेरी लांबची असेल तर दुसरा ड्रायव्हर मागायचा किंवा दुसरा दिवस धरायचा. दोनऐवजी पाचला निघायचं आणि दवाखान्याचा नंबर त्या हिशेबाने आधीच लावायचा. दर दोन-अडीच तासांनी थांबायचं, आपल्याला गरज नसली तरी. पुढच्या सीटवर जो बसेल त्याने झोपायचं नाही. मुक्काम पडला तर आपल्या खोलीबरोबर ड्रायव्हरसाठीही खाट बघायची. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यांच्या पार्किंगमध्ये रात्री एकदा फिरून यावं. काचा थोड्या खाली केलेल्या, सीट मागे पाडलेली, अंगावर टॉवेल, आणि डासांत तळमळणारे आपल्याच भागातले ड्रायव्हर तिथे दिसतात. त्यांच्याच हातात आपण दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब सोपवतो. भत्त्याच्या पाचशे रुपयांत लॉज होत नाही, आणि ते वाचवून घरी न्यायचे असतात. खाटेचे दोन-चारशे रुपये वेगळे काढले तर आपल्या एकूण खर्चात ते जाणवतही नाहीत.

गेल्या खेपेला आम्ही पाचला निघालो. तोच ड्रायव्हर होता. आदल्या रात्री नऊलाच त्याने फोन बंद ठेवला होता, तसं त्याने आधी कळवलं होतं. बासरच्या पुलावर आलो तेव्हा उजाडत होतं. वडिलांनी काच खाली केली आणि नेहमीसारखं गोदावरीत नाणं टाकून हात जोडले. मग पट्टा नीट करत त्यांनी पुढे विचारलं, "लेकरा, झोप झाली ना?"

"झाली काका," तो म्हणाला. "पोटभर झाली."